लेन्स एरर, पांढरे फोटो, पुसली जाणारी तारीख: जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात नक्की बिघडलंय काय?

तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. बरीच वर्षं कपाटात पडून असलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा बाहेर काढला. सुरू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, कर्रकर्र आवाज होतो, स्क्रीनवर ‘लेन्स एरर’ येतं आणि कॅमेरा बंद पडतो. पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर कधीतरी नीट सुरूही होतो. सुरू झाला की दर वेळी तारीख विचारतो. घरात काढलेले फोटो ठीक येतात, उन्हातले मात्र पांढरेफटक. आणि दिव्याकडे रोखला की स्क्रीनवर जांभळी उभी रेघ दिसते. चार्जरचा हिरवा दिवा लागतो म्हणून बॅटरी चांगली आहे असं तुम्ही धरून चालला आहात. दुरुस्तीवाल्याने ‘लेन्स बदलावी लागेल’ असं सांगितलंय आणि तेवढा खर्च करावा का, हा तुमचा प्रश्न आहे.

खर्चाचं शेवटी बोलू. आधी एक गोष्ट: चार तक्रारी म्हणजे चार बिघाड नव्हेत. माझा अंदाज असा की लेन्स एरर आणि तारीख या दोन्हींचं मूळ वीजपुरवठ्यात असू शकतं. पांढरे फोटो हा वेगळा, यांत्रिक बिघाड आहे. जांभळी रेघ हा बिघाडच नाही, पण पांढऱ्या फोटोंच्या बाबतीत ती साक्षीदार म्हणून उपयोगी पडेल. अंदाज म्हणतोय, कारण कॅमेरा माझ्या हातात नाही. तो कधी पडला होता का, वाळूत किंवा पाण्याजवळ वापरला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. पडलेला असेल तर तपासायचा क्रम हाच, फक्त आशा जरा कमी ठेवा.

‘लेन्स एरर’ वाचून लेन्स गेली असं वाटतं. कॅमेऱ्याला म्हणायचं असतं एवढंच, की ठरलेल्या वेळात लेन्स ठरलेल्या जागी पोचली नाही. बटण दाबल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत आत बरंच काही घडतं. बोर्ड, म्हणजे कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, जागा होतो, बॅटरीचा व्होल्टेज बघतो आणि झूमची मोटर फिरवतो. मोटरची ताकद बारीक प्लॅस्टिकच्या गिअरांमधून एकात एक बसलेल्या नळ्यांपर्यंत जाते आणि त्या नळ्या तिरक्या खाचांतून फिरत बाहेर सरकतात. मोटर किती फिरली हे प्रकाशावर चालणारा एक छोटा सेन्सर मोजत असतो. तेवढ्यात लेन्ससमोरच्या पाकळ्या उघडतात, फोकसची काच आपली मूळ जागा शोधते, शटर, म्हणजे प्रकाश अडवणारी पाती, तयार होतं. यातलं काहीही अडलं की मोटर जळू नये म्हणून कॅमेरा प्रयत्न सोडून देतो, आणि कारण कुठलंही असो, स्क्रीनवर शब्द तेच दोन येतात.

नळ्या बाहेर काढायच्या त्या क्षणी बॅटरीवर मोठा भार येतो. म्हणून माझ्याकडे लेन्स एररचा कॅमेरा आला की मी स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी चांगली बॅटरी घालून बघतो. लिथियम-आयन बॅटरी ३.६ किंवा ३.७ व्होल्टची म्हणवते आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जाते. हिरवा दिवा सांगतो की ती त्या आकड्याला पोचली. तिच्यात दम किती उरलाय हे तो सांगत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. मीटर लावला तर व्होल्टेज भरपूर दाखवते, मोटर फिरायला लागली की एकदम खाली येते. बसल्या जागी ठणठणीत दिसणाऱ्या माणसाला जिना चढताना धाप लागावी, तसं. पाचव्या-सहाव्या वेळी कॅमेरा सुरू होतो असं तुम्ही म्हणता, ते या वर्णनात बसतं. अर्थात लेन्समध्ये बारीक कचरा असला तरीही असंच होतं, म्हणून दोन्ही वेगळे ओळखायला हवेत.

त्याची सोपी चाचणी अशी. बॅटरी पूर्ण भरा आणि कॅमेरा नेहमीच्या बटणाने न लावता फोटो बघायच्या, त्रिकोणाची खूण असलेल्या बटणाने सुरू करा. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये असं केलं की लेन्स आतच राहते. जुने फोटो पुढे-मागे करत पंधरा-वीस मिनिटं घालवा. कॅमेरा त्याआधीच मान टाकत असेल तर बॅटरी संपलेली आहे, पुढची चर्चा नको. व्यवस्थित चालला आणि फोटो काढायच्या मोडमध्ये नेल्याबरोबर लेन्स अडली, तर संशय बॅटरीवरही आणि लेन्सवरही राहतो. मग त्याच मॉडेलची चांगली बॅटरी कुणाकडून तरी मागून आणून घालणं हाच उपाय. तिच्यावरही लेन्स तिथेच अडत असेल तर बॅटरी निर्दोष.

बॅटरी घालण्यापूर्वी तिचे सोनेरी पॉइंट आणि कप्प्यातल्या पट्ट्या पाहून घ्या. मळकट दिसत असतील तर बॅटरीचे पॉइंट पेन्सिलीच्या खोडरबरने हलकेच घासा. आतल्या पट्ट्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कानकाडीचा बोळा पुरतो. बॅटरी कप्प्यात घट्ट जात असेल किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर ती फुगलेली आहे. ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्जही करू नका, ई-कचऱ्यात द्या.

तुमचा कॅमेरा लिथियम बॅटरीवरचा दिसतो, पण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे कॅमेरे पेन्सिल सेलवर चालतात, म्हणून दोन शब्द. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे आणि रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड १.२ व्होल्टचे, म्हणून लोक पहिले घेतात. कॅमेऱ्यात दुसरे जास्त चालतात, कारण भार आल्यावर त्यांचा व्होल्टेज टिकतो. अल्कलाइन सेल विसरून कप्प्यात फुटले असतील तर दिसणारी पांढरट पपडी क्षारधर्मी असते. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग ओलसर बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आणखी एक हमखास दुर्लक्षित जागा म्हणजे बॅटरीचं झाकण. झाकणाच्या कडेला प्लॅस्टिकचं बारीक नाक असतं, ते आतला एक छोटा स्विच दाबून धरतं. ते नाक मोडलं की कॅमेऱ्याला झाकण उघडंच वाटतं आणि तो सुरूच होत नाही. ‘बोर्ड गेला’ म्हणून आणलेले कॅमेरे मी कितीतरी वेळा या नाकाच्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून परत केले आहेत.

तारखेचं कोडं त्यामानाने साधं आहे. मुख्य बॅटरी काढली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून आत एक छोटा रिचार्जेबल सेल किंवा कपॅसिटर असतो आणि तो मुख्य बॅटरीवरूनच भरतो. इतकी वर्षं रिकामा पडल्यावर तो तळाला गेलेला असणारच. पूर्ण भरलेली, चांगली बॅटरी घालून कॅमेरा बंद ठेवा, एक दिवस जाऊ द्या. नंतर तारीख लावा, बॅटरी दहा मिनिटं बाहेर काढून परत घाला. तारीख टिकली तर प्रश्न मिटला. नाही टिकली तर आतला सेल संपलाय. काही मॉडेल्समध्ये बॅटरीच्या कप्प्यात एक छोटी खाच असते आणि तिच्यात सीआर१२२० सारखा बटण सेल बसतो, तो आपला आपण बदलता येतो. बाकीच्यांत तो बोर्डवर डाग देऊन लावलेला असतो, आणि केवळ तारखेसाठी कॅमेरा उघडायला मी तरी सांगणार नाही.

आता समजा बॅटरी निर्दोष निघाली. मग कान वापरा. शांत खोलीत कॅमेरा कानाजवळ धरून सुरू करा. काहीच आवाज नाही आणि लेन्स जागची हलत नाही, तर मोटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा मोटर गेली. मोटर मजेत गुणगुणते पण नळ्या स्थिर, तर गिअरचा दाता तुटलाय किंवा गिअर घसरतोय. लेन्स थोडी येते, मग कर्रकर्र होऊन थांबते आणि परत जायचा प्रयत्न करते: नळ्यांच्या फटीत वाळू किंवा कचरा, तुमच्या वर्णनाच्या हा सगळ्यात जवळचा आवाज. लेन्स पूर्ण बाहेर येते, एक-दोन वेळा टकटक होते आणि मगच एरर येतो, तर झूम ठीक आहे, अडचण फोकसमध्ये किंवा नळीच्या आतून जाणाऱ्या पातळ फ्लेक्स पट्टीत, म्हणजे वीज आणि संदेश नेणाऱ्या लवचीक पट्टीत. ही पट्टी दर वेळी दुमडते-उलगडते, तिथेच ती चिरते.

लेन्स अर्धी बाहेर असताना समोरून पाहा. नळ्यांमधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेली असेल, तर आतली मार्गदर्शक खुंटी खाचेतून निसटली आहे. बाहेर आलेल्या लेन्सवर धक्का बसला की हे होतं. फट सारखी असेल तर लेन्स जमिनीकडे करून धरा, रबरी ब्लोअरने फटीत चहूबाजूंनी फुंका आणि मऊ ब्रशने झटका. जाडसर, गुळगुळीत कागदाची पट्टी फटीतून अलगद गोल फिरवली तर अडकलेला कण बऱ्याचदा सुटतो. कॅमेरा उताणा धरून हे केलंत तर कण आणखी आत जाईल. आणि तेल, स्प्रे यांतलं काहीही सोडू नका. तेल नळीवर थांबत नाही, ते ओघळत शटरच्या पात्यांवर जातं आणि मग पुढचा बिघाड तुम्हीच लावलेला असतो. लेन्स हाताने पिळून बाहेर ओढायचे व्हिडिओ पाहिले असतीलच. मोटर आणि गिअर जोडलेले असताना जोर लावला की प्लॅस्टिकचा दाता आधी मोडतो. कॅमेरा टाकूनच द्यायचं ठरलं असेल, तेव्हा हवं तर करा.

आता पांढरे फोटो. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा, आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलाय.

आधी साधी शक्यता काढून टाका. मेनूत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग, अधिककडे ढकललेलं नाही ना, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० वर अडकवलेला नाही ना, बघा. सगळं रिसेट करा. त्यानंतर भर उन्हात एक फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर त्याची माहिती उघडा. शटरचा वेग, अपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र, त्याचा आकडा ‘एफ’ने लिहितात) आणि आयएसओ फाइलमध्येच नोंदलेले असतात. कडक उन्हात आयएसओ १००, एफ ५.६ असेल तर साधारण १/८०० सेकंद हे बरोबर एक्स्पोजर. तुमच्या फाइलमध्ये याच्या आसपासचे आकडे आहेत आणि तरी फोटो पांढरा आहे, तर हिशेब बरोबर झालाय, अंमलबजावणी झालेली नाही. कॅमेऱ्याने शटरला हुकूम दिला, शटर हललं नाही. आकडेच भलते असतील, म्हणजे उन्हात १/३० सेकंद वगैरे, तर मात्र प्रकाश मोजण्यात किंवा सेटिंगमध्ये गडबड आहे.

हे घरात का होत नाही? जुन्या कॉम्पॅक्टमध्ये बहुधा सीसीडी सेन्सर असतो, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी जुन्या पद्धतीची चिप. स्क्रीनवर चित्र दिसावं म्हणून त्याचं शटर एरवी उघडंच असतं; क्लिक झाल्यावर ते बंद होतं आणि अंधारात सेन्सरवरचं चित्र वाचलं जातं. पाती उघडीच चिकटली, तर वाचन चालू असतानाही प्रकाश पडत राहतो. घरातला प्रकाश तुटपुंजा, त्यामुळे फोटो निभावून जातो. उन्हात सगळं धुऊन निघतं आणि अनेकदा वरून खाली ओघळल्यासारखे पट्टे दिसतात. पाती बंद अवस्थेत अडकली असती तर उलटं झालं असतं: मेनू दिसतो, जुने फोटो दिसतात, पण समोरचं दृश्य काळंकुट्ट.

इथे तुमची जांभळी रेघ कामाला येते. सीसीडीवर एखाद्या ठिकाणी फार तेजस्वी प्रकाश पडला की त्याचा अंश त्या उभ्या रांगेत पसरतो आणि दिव्याच्या वर-खाली रेघ उमटते. स्क्रीनवर आणि व्हिडिओत ती दिसणं हा सीसीडीचा स्वभाव आहे. काढलेल्या फोटोत ती येत नाही, कारण तेव्हा शटर बंद झालेलं असतं. तर आता घरात एक पेटलेला दिवा चौकटीत घेऊन फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. रेघ फक्त स्क्रीनवर दिसली, फोटोत नाही, तर शटर निदान त्या वेळी तरी बंद झालं. फोटोतही आली, तर शटर बंद होत नाही याला पुरावा मिळाला. जोडीला उन्हात दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. व्हिडिओत यांत्रिक शटर वापरलं जात नाही, म्हणून व्हिडिओ बरा आणि फोटो पांढरे असं निघालं तर दोष शटरचा. दोन्ही पांढरे, तर अपर्चरकडे बघावं लागेल. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत अपर्चरच्या जागी प्रकाश कमी करणारी काळपट काचच आडवी येते आणि तीही अडकते.

संपूर्ण चित्रच जांभळं, लाटांसारखं वाकडं किंवा काळं दिसत असेल, तर मात्र ती गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी एकामागून एक जाहीर केलं होतं, की त्यांच्या काही मॉडेल्समधल्या सीसीडीच्या आतल्या जोडण्या उष्ण आणि दमट हवेत सुटतात. तेव्हा ती दुरुस्ती मोफत होत असे. आज त्या कॅमेऱ्यांना वाली नाही. तुमची रेघ त्यातली नाही.

शटर चिकटलं असेल तर घरी करण्यासारखं एकच: फ्लॅश बंद करून लागोपाठ वीस-तीस फोटो काढायचे आणि समोरून लेन्समध्ये बघत राहायचं, पाती लवतात का. नुसतं पडून पडून जड झालेलं शटर कधी कधी असं मोकळं होतं. तेलकट थरामुळे चिकटलेलं असेल तर दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यापुढे कॅमेरा उघडावा लागतो, आणि तो तुम्ही उघडू नये असं मी स्पष्ट सांगतो. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ राहतात. कॉम्पॅक्टमध्ये तो कपॅसिटर नेमका बोटं जातात त्या कडेला असतो. आम्हीही आधी तो रेझिस्टर लावून रिकामा करतो, मगच पुढे जातो.

कार्डाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कॅमेरा चालू झाला की तो प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. फार जुने कॅमेरे फक्त साधं एसडी कार्ड, म्हणजे २ जीबीपर्यंतचं, ओळखतात. ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डं २००६ नंतरची. जुन्या कॅमेऱ्यात ती घातली की ‘कार्ड एरर’ येतो आणि दोष ना कार्डाचा असतो ना कॅमेऱ्याचा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोटो चुकून उडाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो न काढता ते बाहेर काढा. फोटोरेक सारखं मोफत सॉफ्टवेअर बरंच परत मिळवून देतं.

तर आता दुरुस्तीवाल्याचं म्हणणं. तो तुम्हाला फसवतोय असं मला वाटत नाही. या कॅमेऱ्यांत मोटर, नळ्या, शटर, अपर्चर हे सगळं एकाच लेन्स युनिटमध्ये येतं, बऱ्याचदा सेन्सरही त्याच्याच पाठीला असतो. आम्ही सुटा भाग क्वचित दुरुस्त करतो, अख्खं युनिट बदलतो. त्यामुळे शटर खरोखर अडकलेलं असेल आणि लेन्समध्ये कचराही असेल, तर एका बदलात दोन्ही प्रश्न सुटतात आणि त्याचा सल्ला योग्यच ठरतो. माझी हरकत एवढीच, की बॅटरी बदलून न बघता हा निर्णय घेऊ नये. लेन्स एरर बॅटरीने गेला आणि शटर वीस-तीस क्लिकमध्ये सुटलं, तर युनिटची गरजच उरत नाही.

खर्च करावा की नाही, हे तुम्हाला हा कॅमेरा कशासाठी हवाय त्यावर ठरेल. नवीन भाग मिळतील ही अपेक्षा सोडा. कॅमेरा उत्पादकांच्या सीआयपीए या संघटनेच्या आकडेवारीत अंगभूत लेन्सच्या, म्हणजे कॉम्पॅक्टसारख्या, कॅमेऱ्यांची बाजारात पाठवलेली २०१० सालची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि २०२३ सालची २० लाखांच्याही आत. सुटे भाग बनवणं थांबून जमाना झाला. आज बसवलं जाणारं युनिट दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातून काढलेलं असतं. म्हणजे तेही तुमच्या युनिटइतकंच म्हातारं. त्याच मॉडेलचा चालू कॅमेरा मिळत असेल तर तो घेणं बहुधा जास्त शहाणपणाचं. घरातल्या माणसाची आठवण म्हणून हाच कॅमेरा हवा असेल, तर हिशेब वेगळा, आणि तो मी करू शकत नाही.

करायचंच ठरवलं तर देताना कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, आणि ‘लेन्स एरर’ एवढंच न सांगता तुमच्या चाचण्यांचे निकाल सांगा: नवीन बॅटरीवर काय झालं, आवाज कसा होता, रेघ फोटोत आली का, व्हिडिओ कसा आला. बसवायचं युनिट ज्या कॅमेऱ्यातून काढलंय त्यात ते आधी चालवून पाहिलंय का, हेही विचारा. आणि कॅमेरा परत घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काढून ‘झकास’ म्हणू नका. तिथे तो आजही चांगलेच फोटो काढतोय. दाराबाहेर उन्हात जाऊन दोन फोटो काढा, लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करा, मग पैसे द्या.